चहाचा रकाना

"ताई, तुमच्या श्रीलंकेच्या वहीतलं सगळं एक्सेलमध्ये टाकते, मग मला माझ्या ट्रिपचं गणित मांडता येईल," असं म्हणून ऑफिसातली धाकटी सहकारीण सकाळी माझी वही घेऊन गेली, आणि जेवणाच्या सुट्टीत परत आली ती एका ओळीवर बोट ठेवूनच. "हे काय? चहा, शून्य? पाच दिवस तुम्ही चहा प्यायला नाहीत?" माझं चहाचं प्रमाण तिला ठाऊक आहे. मी म्हटलं, "अगं, गेस्ट हाउसवाल्या बाई पाजायच्या. पैसे घेत नव्हत्या." "अरे वा, म्हणजे फुकट!" तिने तिच्या रकान्यात शून्य टाकलं आणि पुढच्या ओळीकडे वळली. बस किती, रेल्वे किती, सिमकार्ड किती. मी उत्तरं देत होते, डब्यातली पोळी संपवत होते, पण लक्ष त्या शून्यावरून हलेना. ते माझ्याच अक्षरातलं होतं. कॅंडीहून निघाल्यावर, रिक्षात बसून, गुडघ्यावर वही ठेवून काढलेलं. हात हलत असल्यामुळे ते नीट गोलही आलं नव्हतं.

हिशोबाची वही ही आमच्या घरातली आनुवंशिक खोड. वडील मिरजेला पोस्टात होते. १९८४ साली एलटीसी, म्हणजे नोकरीतली प्रवास-सवलत, घेऊन आम्ही कन्याकुमारीपर्यंत गेलो, त्या प्रवासाची त्यांची वही अजून माझ्याकडे आहे. हमाल १.५०, चहा ४ कप २.००, केळी एक फणी, धर्मशाळा वर्गणी. सगळं बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. पण त्या वहीला मागून उघडलं की वेगळीच यादी लागते. वर लिहिलंय 'देणं'. तिथे आकडे नाहीत. 'मदुराई, पोस्टमास्तर, दोन वेळचं जेवण, चौघे.' 'त्रिचीच्या गाडीत, समोरच्या बाई, लहानीला दूध.' लहानी म्हणजे मी. घरच्या लग्नात आहेराची वही असते ना, कुणी काय आणलं ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्याकडच्या कार्याला त्याहून थोडं वरचढ न्यायचं, तीच ही रीत, फक्त प्रवासाला लावलेली. त्या दिवाळीत मदुराईला चकली-कडबोळ्यांचं पार्सल गेलं. पोस्टातलाच माणूस, पॅकिंग असं केलं होतं की एकही कडबोळं मोडू नये. दूधवाल्या बाईंचा पत्ता नव्हता. ती ओळ तशीच राहिली.

कन्याकुमारीला त्यांनी समुद्राकडे हात करून सांगितलं होतं, "पलीकडे लंका." आम्हा भावंडांना लंका म्हणजे रावण आणि मोठ्यांना लंका म्हणजे रेडिओ सिलोन. तिकडे कधी माणसं जातात, राहतात, भाजी आणतात, हे काही डोक्यात नव्हतं.

गेलो ते जानेवारी २०२३ मध्ये, मी आणि लेक. तिला नोकरी लागून सहा महिने झाले होते आणि तिला 'इंटरनॅशनल' जायचं होतं. कुठे, हे नंतर, आधी स्वस्त. रात्री जेवणं झाली की ती मोबाइल घेऊन बसायची. व्हिएतनाम, तिथे रुपयाला तीनशे डोंग, लाखांच्या नोटा. थायलंड, पण तिथे तिचे सगळे मित्र जाऊन आलेले. नेपाळ तिला परदेश वाटेना. मग श्रीलंका. विमान जवळचं, आणि बाकी सगळं 'आई, बघ ना, निम्म्यात'. ते निम्म्यात का होतं हे आम्हा दोघींना पक्कं माहीत होतं. आधीच्या एप्रिलमध्ये त्या देशाने बाहेरची कर्जं फेडता येणार नाहीत असं जाहीर केलं होतं. जुलैत राष्ट्राध्यक्षांच्या घरात लोक शिरले, त्यांच्या तरणतलावात पोरं उड्या मारतायत ते व्हिडिओ आम्ही याच सोफ्यावर बसून पाहिले होते. दोनशेला मिळणारा डॉलर साडेतीनशेच्या वर गेला होता. लेक म्हणाली, "आत्ताच जायला हवं, नंतर महाग होईल." तिच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं. सोनं उतरलं की आपणही घेतोच. तरी कोथिंबीर पडेल भावात घेताना शेतकऱ्याकडे बघू नये तसं मी त्या वाक्याकडे पाहिलं नाही.

कातुनायकेच्या विमानतळावर पैसे बदलले तेव्हा रुपयाला सव्वाचार मिळाले. खिडकीतल्या मुलाने मोजून दिलेलं बंडल माझ्या पाकिटात मावेना. आता हे तुम्हाला हास्यास्पद वाटेल, पण मला पाठ ताठ झाल्यासारखी वाटली. आमच्यासारख्यांचं परदेश म्हणजे गुणाकार. अमेरिकेतल्या भाचीशी बोलताना ती सहज म्हणते सॅंडविच बारा डॉलर, आणि इकडे आपलं डोकं ऐंशीने गुणत सुटतं, घास घशात अडकतो. इथे पहिल्यांदा भागाकार होता. जेवण आठशे, भागिले सव्वाचार, हातात एकशे नव्वद. खोली रात्रीला सहा हजार, म्हणजे चौदाशे, नाश्त्यासकट. महाबळेश्वरला मे महिन्यात या पैशांत कुणी दार उघडून आत बघूही देणार नाही. लेकीने दुसऱ्याच दिवशी मला आरसा दाखवला, "आई, तू दर वेळी आकडा ऐकून आधी घाबरतेस, मग भागतेस, मग हसतेस. तिघं एकाच चेहऱ्यावर." खरं होतं. आणि ते हसू दुकानदारांनाही दिसत असणार.

कॅंडीत तळ्याच्या वरच्या चढावर घर होतं. वरच्या मजल्यावर तीन खोल्या पाहुण्यांना, खाली ते स्वतः. बाई साठीच्या आसपास, त्यांचे यजमान, आणि मुलगा, जो रिक्षा चालवायचा. रिक्षाला तिथे थ्रीव्हीलर म्हणतात. मुलाला इंग्रजी बरं येत होतं, बाईंना मोजकं. मी त्यांना काय म्हणावं म्हणून मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "अक्का म्हणा." मी चमकलेच. माझ्या मिरजेच्या थोरल्या बहिणीला आम्ही आक्काच म्हणतो. संध्याकाळी खालच्या, बुद्धाच्या दंतमंदिरातून ढोल ऐकू यायचे, पाऊस नसतानाही भिंतींना ओल असायची, आणि जिन्यात कढीपत्त्याचा वास, आपल्याकडे फोडणी पडल्यावर येतो तो नव्हे, त्याहून जरा हिरवा, नारळाच्या दुधात सावकाश शिजलेला.

पोचल्या पोचल्या त्यांनी चहा आणला. काचेच्या पेल्यात, लालसर काळा, सोबत बशीत गुळाचा खडा. किथुल नावाच्या माडासारख्या झाडाचा गूळ, चॉकलेटसारखा काळपट. खडा चावायचा आणि वर चहाचा घोट. आपल्याकडच्या गूळ-पाण्याचीच ही बहीण. आज मला तो चहा आठवला की तोंडाला पाणी सुटतं, पण त्या दिवशी, सकाळी साडेतीनला डोंबिवलीहून निघालेल्या बाईला दुधाशिवायचा चहा म्हणजे औषध. मी एक घोट घेतला आणि माझं तोंड माझ्या परवानगीशिवाय वाकडं झालं. बोलले काहीच नाही, "छान छान" केलं. पण अक्कांनी तोंड बघितलं. पेला उचलून नेला आणि पाच मिनिटांनी दुधाचा चहा आला. किरि ते. गोडमिट्ट, वर फेस, अगदी एसटी स्टॅंडवरच्यासारखा. मी तो ज्या आनंदाने प्यायले तेही त्यांनी पाहिलं असणार. त्यानंतर सकाळी उठल्यावर, दुपारी फिरून आल्यावर आणि संध्याकाळी ढोल वाजायला लागले की, तीन वेळा, न मागता, दोन कप वर यायचे.

आता यात काय आहे, पाहुणचार आहे, असंच मलाही वाटलं.

नाश्त्याला इंदिआप्प. तांदळाच्या पिठाच्या शेवयांच्या चकत्या, चाळणीसारख्या वेताच्या छोट्या ताटल्यांवर वाफवलेल्या. मालवणला आजोळ असणाऱ्याने तोंडात घालताच 'शिरवळ्या!' म्हणून ओरडावं, इतक्या त्याच. फक्त आपण त्या गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवतो आणि तिथे हळद घातलेला पिवळा, आंबटसर रस असतो. सोबत पोल सांबोल, म्हणजे खोबरं, लाल मिरची, लिंबू, आणि त्यात उंबलकडा नावाचा वाळवलेला मासा कुटून. शाकाहारी मंडळींनी सावध राहावं. आम्ही मासे खाणाऱ्या, आम्हाला सुकटीची आठवण येऊन दोन घास जास्त गेले. भाताला ते बत म्हणतात, दुधाला किरि, आणि सणासुदीला करतात तो किरिबत. क्षीर आणि भात, दोघांचे हातपाय जरा आखडले की झालं. बाजारात बाई फळं मोजत होती: एक, देक, तुन, हतर, पह. आंब्याला अंब. मिरचीला मिरिस. लेकीला साबण हवा होता तर दुकानदाराला तो मराठीतूनच कळला, पोर्तुगिजांनी दोन्हीकडे एकच शब्द विकलेला. पावालाही ते पान् म्हणतात. मला या शब्दांनी वेड लावलं. कळेना अशा मोठ्या आवाजातून एकदम ओळखीचा शब्द डोकं वर काढायचा आणि बुडून जायचा. माहेरच्या लांबच्या कार्याला गेल्यासारखं, चेहरे सगळे ओळखीचे, नाव एकाचंही सांगता येत नाही. पण घासाघीस करताना हा जिव्हाळा कुठे जातो कुणास ठाऊक. हतर म्हणजे चार हे कळल्याचा मी पहिला उपयोग केला तो चारशेचे तीनशे करायला.

सिगिरियाच्या कातळकिल्ल्याला तेव्हा पासपोर्ट दाखवला की सार्क देशांच्या लोकांना निम्मं तिकीट होतं, परदेशी गोऱ्यांना तीस डॉलर, आपल्याला पंधरा. सवलत मिळते याचाच आनंद एवढा की खरेदी आपोआप होते. पण लेकीने त्याच्या समोरच्या पिदुरंगलाचा शोध लावला होता, तिथे पाचशे रुपये. श्रीलंकेचे. आम्ही तेच चढलो. कॅंडीहून दंबुल्लापर्यंत लाल सरकारी बसने, जी दिसली तेव्हा मला एसटीच वाटली. अशोक लेलॅंडचीच ती, लंकेत बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर लुकलुकत्या दिव्यांत बुद्ध आणि कानठळ्या बसवणारी गाणी. पिदुरंगलाला खाली देवळात खांदे झाकायचे, चपला हातात घ्यायच्या, पुढे पायऱ्या, आणि शेवटी दोन कातळांच्या फटीतून माकडासारखं वर. माझं वय आणि वजन बघून एका जर्मन मुलाने वरून हात दिला. वर पोचलो तर समोर सिगिरियाचा अख्खा कातळ, सकाळचं ऊन अंगावर घेऊन. लेक म्हणाली, "पंधरा डॉलर दिलेल्यांना हे दिसत नाही, ते त्याच्यावरच उभे असतात." आम्ही दोघी खूप खूश झालो. स्वस्तात प्रवास करणाऱ्याचा खरा आनंद हाच असतो, की कुणीतरी दुसरं आपल्यापेक्षा जास्त देऊन कमी बघतंय.

तिसऱ्या दिवशी नानुओयापर्यंत रेल्वे. या रेल्वेचे फोटो तुम्ही पाहिलेत, दारातून बाहेर लोंबकळणारी, केस उडणारी मुलगी आणि मागे चहाचे मळे. ते सगळं आहेच. पण मला राहिला तो वडा. "वडे वडे वडे वडे" असं एका श्वासात म्हणत टोपलीवाला आला, डाळीच्या जाडसर वड्यांवर अख्खी कोळंबी चिकटवलेली, आणि वडे दिले ते शाळेच्या वहीच्या पानात. निळ्या शाईतलं गणित, पेन्सिलच्या चुका, बाजूला बाईंची लाल खूण. आपल्याकडे भेळ वर्तमानपत्रात मिळायची तशीच ही त्यांची जुनी पद्धत. पण आदल्या मार्चमध्ये कागदच नाही म्हणून तिथल्या पश्चिम प्रांतात शाळेच्या परीक्षा पुढे ढकलल्या होत्या, ही बातमी मी वाचली होती. तेल पुसून मी ते गणित सोडवायला घेतलं. सातवी-आठवीचं असावं. अपूर्णांक. पोराने भागाकार बरोबर केला होता, छेद लिहायला विसरलं होतं.

समोर एक निवृत्त शिक्षक होते, मळ्यातल्या तमिळ शाळेतले. हॅटनला उतरणार होते. गाडी वळणं घेत होती आणि खाली उतारावर बायका दिसत होत्या, डोक्यावरून पाठीवर सोडलेली पोती, दोन्ही हात पानांत. मी विचारलं, यांना दिवसाला किती मिळतात? ते म्हणाले, हजार. दिवसाचं ठरलेलं वजन भरलं तर हजार. त्यांनी हे काही तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, आकडा विचारला म्हणून आकडा. माझ्या डोक्याने सवयीने भागलं. दोनशे तीस-पस्तीस. आणि या वेळी भागून झाल्यावर हसू आलं नाही. मग ते त्यांच्या आत्याबद्दल बोलत राहिले. मळ्यांतल्या भारतीय वंशाच्या तमिळांना दोन्ही देशांत वाटून घेणारा १९६४ चा शास्त्री-सिरिमावो करार झाला त्यानंतर आत्याचं कुटुंब भारतात पाठवलं गेलं, निलगिरीत. तिथेही त्यांनी चहाच खुडला. "इकडे आम्हाला भारतातले म्हणायचे, तिकडे त्यांना सिलोनवाले," ते म्हणाले आणि हसले. हॅटनला उतरताना त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. श्रीपादाच्या डोंगराला जाणारे यात्रेकरू तिथेच उतरत होते, पांढरे कपडे, काठ्या, अंगावर शाली, थेट आळंदीच्या फलाटासारखी घाई.

परत बसने आलो. रंबोडाचा बोगदा आला तेव्हा लेकीने पाकिटातून हजाराची हिरवी नोट काढून माझ्यासमोर धरली. नोटेवर तोच बोगदा, आणि एक पोपटासारखा पक्षी. बोगद्यातल्या अंधारात नोटेचं काहीच दिसेना, बाहेर पडल्यावर दिसलं.

त्या दिवसांत रोज दोन-सव्वादोन तास वीज जायची, वेळापत्रक ठरलेलं. आम्हा डोंबिवलीकरांना त्याचं काय. लेक शाळेत असताना आम्ही याहून लांब लोडशेडिंगमध्ये तिच्या परीक्षा काढल्या आहेत. पण चौथ्या दिवशी संध्याकाळी खोलीत उकडायला लागलं म्हणून मी रिकामे कप घेऊन खाली उतरले. एरवी अक्का ते न्यायला वर यायच्या. मला स्वयंपाकघराची वाट माहीत नव्हती, मागच्या दाराने गेले. पायरीवर तिघं बसले होते, अक्का, यजमान, मुलगा. मधे एक मेणबत्ती. तिघांच्या हातात काचेचे पेले, आणि पेल्यांतला चहा त्या उजेडात तांबूस, आरपार दिसणारा. यजमानांच्या तळहातावर गुळाचा खडा. आतल्या ओट्यावर दूध पावडरचं पाकीट, वरचा भाग दोनदा दुमडून कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला, आणि शेजारी ट्रे. ट्रेमध्ये फक्त दोन कप होते.

माझ्या हातातले कप वाजले आणि अक्का दचकून उठल्या, जणू त्यांचंच काही चुकलं.

लंकेतल्या घरांत दूध म्हणजे बहुतेक पावडर, आणि ती बरीचशी न्यूझीलंडहून येते. डॉलर नव्हते तेव्हा ती येईनाशी झाली, आली तेव्हा भाव चढलेला होता. हे मला मुलाने दुसऱ्या दिवशी रिक्षात सांगितलं, मी विचारलं म्हणून. आम्ही चहापत्ती घ्यायला दुकानात गेलो तेव्हा मी ते पाकीट फळीवर शोधलं. चारशे ग्रॅम, हजाराच्या वर. मळ्यातल्या बाईचा एक दिवस. मी तिथे उभी राहून मनात मोजत होते, दिवसाला सहा कप, चार दिवस, कपाला दोन चमचे. भागाकार करून ते पुन्हा सहज स्वस्त करता आलं असतं, अडीचशे रुपयांचं पाकीट, त्यात काय. मी ते केलंही. पण अक्कांना कुठे सव्वाचारने भागायचं होतं? त्यांना ते हजारच होते.

तुम्ही म्हणाल, एक पाकीट विकत घेऊन द्यायचं. मीही तेच म्हणाले असते. हातात घेतलंही. मग वाटलं, काल पायरीवर पाहिलं आणि आज पाकीट आणून ठेवलं, म्हणजे तुमचं दारिद्र्य दिसलं असं तोंडावर सांगणं. आपल्या घरी कुणी पाहुणा असं वागला असता तर माझ्या आईने ते पाकीट आयुष्यभर उघडलं नसतं. आणि दारिद्र्य तरी कसलं? घर त्यांचं, तीन खोल्या भाड्याने, रिक्षा, भिंतीवर मुलाचा पदवी घेतानाचा फोटो. आमच्यासारखीच माणसं, दोन वर्षांपूर्वीपर्यंत डब्यात पावडर मोजून न ठेवणारी. गरिबाला देताना आपल्याला काय करायचं ते माहीत असतं. आपल्याच पायरीवरच्या माणसाला देताना हात कुठे ठेवावा ते कळत नाही. मी पाकीट परत ठेवलं आणि चहापत्तीचे पैसे दिले.

त्याच सकाळी निघताना बिल केलं. चार रात्रींचे चोवीस हजार आणि दोन वेळचं रात्रीचं जेवण. मी म्हटलं, आणि चहा? अक्कांनी मान हलवली, हसल्या, आणि दोन्ही तळहात उलटे करून दाखवले. मुलाने भाषांतर केलं, "चहाचे कसले पैसे." मी उरलेली बाकरवडी आणि मेतकुटाची पुडी दिली, ती त्यांनी डोळ्यांना लावून घेतली. मग बॅगा खाली नेईपर्यंत मी वर खोलीत गेले आणि बशीखाली हजाराच्या दोन हिरव्या नोटा ठेवल्या. थोड्या बाहेर दिसतील अशा.

रिक्षा उतारावरच्या पहिल्या वळणावर थांबली, समोरून लॉरी मागे घेत होती. मागून हाका ऐकू आल्या. अक्का पळत येत होत्या, घरातल्या स्लिपर, एक हात कमरेशी साडीवर, दुसऱ्या हातात नोटा. धापा टाकत त्यांनी त्या माझ्या मांडीवर ठेवल्या. "मॅडम फरगेट, मॅडम फरगेट." मला म्हणायचं होतं, विसरले नाही अक्का, तुमच्यासाठी ठेवल्या. साधं वाक्य होतं. पण समोर आरशात मुलगा बघत होता, शेजारी लेक बघत होती, आणि अक्कांच्या चेहऱ्यावर पाहुणीचे पैसे वाचवल्याचा एवढा आनंद होता, की मी म्हटलं, "अरे हो, थॅंक्यू." आणि नोटा पाकिटात ठेवल्या. खोटं कशाला बोलू, दोन हजार परत आले म्हणून मनाचा एक कोपरा सुखावलाही. लॉरी गेली. मी वही काढून उरलेला हिशोब लिहिला.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू फार विचार करतेस. तुम्ही गेलात म्हणून त्यांना चोवीस हजार मिळाले. न गेला असता तर?" लेकीचंही तेच, आणि त्यांचं चूक नाही. त्या वेळी त्या देशाला पाहुण्यांच्या पैशांचीच निकड होती. मुलगाच सांगत होता, २०२२ चे कित्येक महिने खोल्यांच्या चादरी नुसत्या धुऊन पुन्हा घालायच्या, झोपायला कुणी नाही. हळहळ वाटते म्हणून घरी बसणारा पाहुणा त्यांच्या काहीच कामाचा नव्हता. मला हे पटतं. मी ओळखीच्यांना अजूनही लंकेला जा म्हणून सांगते, विमान सोडून दोघींचे अठ्ठावीस हजार झाले म्हणून फुशारकीही मारते. सलतं ते एवढंच, की वडिलांच्या वहीला मागची बाजू होती आणि माझ्या वहीत तो चहा पुढच्या बाजूला, खर्चाच्या रकान्यात, शून्य म्हणून बसला होता. ज्या देशाने सगळ्या जगाला सांगून टाकलं होतं की आमच्याच्याने देणं फेडवत नाही, तिथल्या एका बाईचं देणं माझ्याकडे निघत होतं.

सहकारीण नाताळच्या सुट्टीत नवऱ्याला आणि मुलाला घेऊन जाऊन आली. माझ्या वहीतल्याच पत्त्यावर राहिली. आल्यावर तिने पेढे ठेवावेत तसे किथुलच्या गुळाचे तुकडे टेबलावर ठेवले आणि तक्रारींना सुरुवात केली. रुपयाला चारही मिळाले नाहीत, खोलीचे दर वाढले, रेल्वेची तिकिटं आधीच संपलेली. "आणि ताई, तुमचं चहाचं शून्य साफ चुकलं हं. तिथे आता छापील दरपत्रक लावलंय खोलीत. चहा, कपाला शंभर. सकाळ-संध्याकाळ तिघांचा, करा हिशोब."

मी विचारलं, "दुधाचा?"

"म्हणजे काय? चहा दुधाचाच असतो ना," ती म्हणाली. "आम्ही प्यायलो, त्या काकूही बसल्या आमच्याबरोबर कप घेऊन. फार बोलतात हो, भाषा येत नाही तरी."

"त्यांचा कसला होता? काळा की दुधाचा?"

ती गुळाच्या पुडीला रबर लावता लावता थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग आठवून म्हणाली, "दुधाचाच होता. का हो?"

मी काही नाही म्हटलं. संध्याकाळी घरी आल्यावर वही काढली. दोन हिरव्या नोटा त्यातच आहेत, बदलायच्या राहून गेल्या. वही उलटी करून मागचं कोरं पान उघडलं, वर तारीख घातली आणि लिहिलं: कॅंडी, अक्का, चहा, दुधाचा, चोवीस कप.